मुक्या सन्मतीचं गाणं

निपाणीच्या पारिसाअण्णांचा तंबाखूचा मोठा व्यापार. राजवाड्यात राजकन्येला ठेवावा तसा त्यांनी घरी मास्तर ठेवलेला. सून दीप्ती पुण्यात वाढलेली, तिला कन्नड आणि पेटी दोन्ही शिकवायला आमचा सन्मती. शाळेत माझ्याच बाकावरचा. कन्नडसुद्धा पेटीवर गाऊन शिकवायचा. "बर्री म्हंजे या, कूडरी म्हंजे बसा," हे भूप रागात! माणूस हसायचा तेही सुरात.

शिमग्याच्या सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुन्हा हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. पाणी मागायला जायचा आणि नुसतं "प... प..." करत रडायचा. बोलता येईना तो मास्तर कसला? अण्णा माणूस भला, तरी त्यांनी चिकोडीहून दुसरे मास्तर आणले.

सन्मतीनं खुणेनंच हट्ट धरला, एकदा दीप्तीला भेटायचं. मी त्याला रिक्षात घालून नेलं. कोपऱ्यात मान खाली घालून बसला. नवे मास्तर पेटी वाजवत होते, दीप्ती गात होती, अण्णा ऐकत बसले होते. मध्येच तिचा गंधाराचा सूर घसरला.

आणि आमचा मुका सन्मती गायला लागला हो! "बर्री म्हंजे या, कूडरी म्हंजे बसा," अख्खी ओळ, एक अक्षर न गाळता!

पेटीचा भाता तिथंच थांबला. अण्णा ओरडले, "अरं, ह्यो बोलालाय की रं!"

"बोल रं सन्मती, बोल!" मी त्याला हलवलं.

"प... प..." परत तेच.

दीप्ती लई हुशार. पेटी पुढ्यात ओढली, सूर धरला आणि गाऊनच विचारलं, "मास्तर, काय हवं?"

"पाऽणी," तोही गाऊन म्हणाला.

एवढं वय झालं, असलं आक्रीत कधी बघितलं न्हाय. बोलायचा शब्द फुटत न्हाय आणि गायचा फुटतो?

आता अण्णांना चेव आला. त्यांनीही गाऊन विचारलं, "उद्यापासनं शिकवायला येतासा काय?" अण्णांचा आवाज म्हणजे तंबाखूचा लिलाव. सन्मतीनं तोंड वाकडं केलं आणि पेटीच्या पट्टीवर बोट ठेवलं, हा सूर. अण्णा परत गायले. परत बोट. साऱ्या बाजारात ज्यांचा दरारा, ते अण्णा घाम पुसत पुन्हा उभे राहिले. नवे मास्तर बिचारे शेजारून हळूच सूर गुणगुणून देत होते.

लागला एकदाचा. तेव्हा कुठं सन्मती ताठ बसला आणि ऐटीत लांबवून म्हणाला, "येऽऽतो."