माग थांबले की ती उठायची

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग आहेत. ते सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे हातानंच बोलतो. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, बोटं नेली की जेवण. लग्न होऊन आले तेव्हा मला हे माकडचाळे वाटायचे. आता मी भांडतेसुद्धा हातानं, आणि त्यातही हार जात नाही.

अशा घरात माझी लेक जन्मली. भिंतीपलीकडे माग धडधडत असायचे आणि ही पाळण्यात गाढ झोपलेली. सासूबाई अख्ख्या गल्लीला सांगायच्या, "आमची नात पक्की इणकराची हाय की! मागाचा आवाज म्हंजे अंगाई तिला." लाईट गेली आणि माग थांबले, की मात्र ती दचकून उठायची, रडायची. माग बंद पडल्याचं शेडमधल्या माणसांच्या आधी तिला कळायचं. तिच्या कानांबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनात येणार?

बोलत मात्र नव्हती. "बाप बी लई उशिरा बोलला हिचा," सासूबाई म्हणायच्या. आणि खरं तर तिचं काही अडतही नव्हतं. तहान लागली की अंगठा, भूक लागली की बोटं. आम्हालाही त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण आमचंही तेच चाललेलं होतं.

चौथं वर्ष लागल्यावर तिला बालवाडीत घातलं. थोड्याच दिवसांत तिथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पाठमोरी असली की ती हाकेला ओ देत नाही, म्हणाल्या, एकदा कान दाखवून घ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, तिचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत," असं सुनावून मी घरी आले. नवरा म्हणाला, दाखवायला काय जातंय?

कानाच्या डॉक्टरीणबाईंनाही मी मागांची गोष्ट अगदी तोऱ्यात सांगितली. तपासणी झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "ती आवाज ऐकत नव्हती हो. जमिनीतून, भिंतीतून जी थरथर येते ना, ती तिच्या अंगाला कळत होती. थरथर थांबली की तिला जाग यायची. जन्मापासून तिला जवळपास काहीच ऐकू येत नाही."

माणसाच्या पाठीला, तळव्यांना आवाज कळतो, ही नवलाची गोष्ट मला अशी कळली. त्यापाठोपाठ दुसरी कळली. बोलणं शिकायला पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची असतात, आणि तेवढ्यात कानावर काही पडलंच नाही, तर पुढे ते फार अवघड होऊन बसतं.

"मग आता?" मी विचारलं.

"उशीर झालाय. यंत्र लावून बघू, नाहीतर ऑपरेशनचा विचार करू. पण किती बोलेल, ते आज नाही सांगता येणार."

घरी येऊन मी स्वयंपाकघरात हंबरडा फोडला. माग चालू होते, कुणी आलं नाही. देवाला शिव्या दिल्या, मागांना दिल्या. ही आई म्हणून मला कधी हाक मारणार आहे की नाही, एवढा एकच प्रश्न तेव्हापासून डोक्यात घण घालतो आहे.

आता तिच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. रोज दुपारी मी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापूर भागात, बहिणीच्या घरी घेऊन जाते, कारण तिथं शांतता असते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, हात हलवायचे नाहीत, तोंड झाकून बोलायचं, म्हणजे तिला ऐकावंच लागेल. मी तळहातानं तोंड झाकते आणि तिचं नाव घेते. पुन्हा घेते. घसा बसेपर्यंत घेते.

काल ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ आली, माझा हात तोंडावरून अलगद बाजूला केला आणि माझ्या गालावरून बोटं फिरवली. स्वतःच्या दाताला बोट लावून तिनं हातानंच मला विचारलं, दात दुखतोय का?