अम्माच्या डोळ्यांतला कागद

हल्ली संगणकापुढे बसून बसून माझेही डोळे कोरडे झालेत. परवा डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं डोळे मिटून बसा." मी मिटले आणि थेट तंजावूरला पोचले, अम्माच्या शेजारी. पाच मिनिटांचं हे माहेर मला फार आवडलं. डॉक्टरीणबाईंना मात्र मी हे सांगितलेलं नाही.

तेव्हा आमच्या गावात घरोघर केबल येत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ उघडत होते आणि गल्लीगल्लीतला एखादा हुशार मुलगा कम्प्युटर शिकून अमेरिकेला जात होता. आमच्या गल्लीतून गेला तो आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ. तो गेला आणि थोड्याच दिवसांत अम्माचे डोळे वाहायला लागले.

त्याला काळवेळ नव्हती. टाउन बसमध्ये खिडकीशी बसली की पाणी, पंख्याखाली बसली की पाणी, टीव्हीसमोर तर अगदी हवामानाच्या बातम्यांनाही पाणी. विचारलं तर पदराने टिपत म्हणायची, "कांहीं नाहीं ग. पाणी येतंय, बस." आम्ही एकमेकांकडे बघायचो. शेजारच्या मामी म्हणायच्या, शेवटी आईचं काळीज आहे.

दर रविवारी संध्याकाळी अण्णा कोपऱ्यावरच्या बूथवर फोन करायचा. पहिल्या रविवारी आम्ही सगळे गेलो. त्या काचेच्या खोक्यात एक टेबलफॅन अम्माच्या थेट तोंडावर वारा सोडत होता. तिने रिसीव्हर कानाला लावला, 'जेवलास कां' विचारलं आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेतला. घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हिला त्रास होतो. ह्यापुढें मी एकटा जाईन. हिच्यासमोर तेचं नांव नको."

अप्पा सरकारी कचेरीतले. फर्मान निघालं की त्याची अंमलबजावणी व्हायचीच. अण्णाचा फोटो भिंतीवरून कपाटात गेला. त्याची सायकल पापनाशमला चुलतभावाकडे गेली. उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पचडी त्याला जीव की प्राण, तीही अम्माने आपणहून बंद केली. रविवारी अप्पा बूथवरून येऊन एवढंच म्हणायचे, "बरा आहे." त्या दोन शब्दांवर आम्ही आठवडा काढायचो. मला त्याची फार आठवण यायची. सायकल टेकून टेकून भिंतीवर काळा डाग पडला होता, तिथे मी उगाच जाऊन उभी राहायची. पण बोलायचं कुणाजवळ? अम्मा रडेल ना!

पुढे पुढे अम्माला मोगरा ओवता येईना, दोरा आणि देठ दोन्ही धूसर दिसायचे. तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अम्माला कळू नये म्हणून मी त्यांना हळूच इंग्रजीत सांगितलं, भाऊ परदेशी आहे, त्याच्या आठवणीने ही सारखी रडते. डॉक्टरांनी अम्माच्या दोन्ही पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली आणि डोळे मिटायला सांगितलं.

मी शेजारी बसून राहिले. मिटल्या डोळ्यांतून दोन कागद लोंबतायत आणि अम्मा गंभीर, हे बघून मला हसू येत होतं. पण कागद भराभर ओला होत चालला. वेळ संपायच्या आतच ओल टोकाला पोचली. माझं हसू गेलं. एवढं दुःख हिने साठवलंय, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी पट्ट्या काढून बघितल्या, पापण्यांच्या कडा दाबून बघितल्या आणि चक्क मोठ्या आवाजात, तमिळमध्ये म्हणाले, "ह्या रडत नाहीत. ह्यांचे डोळे कोरडे आहेत."

"पाणी वाहतंय आणि कोरडे?" अम्माने विचारलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. काहींच्या डोळ्यांत पाणीच कमी बनतं, त्यांचा कागद कोरडा राहतो. काहींच्या डोळ्यांत पाणी भरपूर असतं, पण पापणीच्या कडेचं तेल सुटत नाही. लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसा तो पाण्यावर हवा. तो नसला की वाऱ्याने डोळा लगेच वाळतो, चुरचुरतो आणि मग आणखी पाणी सोडतो. पापण्या गरम कापडाने शेकायच्या आणि हे थेंब घालायचे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर अम्मा थांबली. "मी रडते म्हणून कोण सांगितलं तेला?"

"आम्हां सगळ्यांना तसंच वाटलं. म्हणूनच तर घरात अण्णाचं नांव..."

अम्मा माझ्याकडे बघतच राहिली. "अय्यो! मला वाटलं, सोडून गेला म्हणून तुम्ही सगळे तेच्यावर रागावलांत. म्हणून मी गप्प."

आम्ही तिला जपत होतो आणि ती आम्हाला. ह्या जपाजपीत तिला पोराचं नावही घेता आलं नव्हतं. बसमध्ये बसल्याबसल्या ती अण्णाबद्दल बोलायला लागली. त्याचं लहानपण, त्याच्या खोड्या, तिथे त्याला दही मिळत असेल का. आमचा स्टॉप मागे गेला तरी दोघींना पत्ता नव्हता.

त्या रविवारी अम्मा अप्पांच्या आधी पायांत चपला घालून तयार होती. बूथमध्ये शिरताच तिने आधी फॅन बंद करायला लावला. मग कोरड्या डोळ्यांनी, पोटभर बोलली. पचडीची कृतीसुद्धा सांगितली. शेवटी तिने रिसीव्हर अप्पांच्या हातात दिला, "तुम्ही बोला."

अप्पा नुसतं "हां, हां" करत राहिले. मग तेही थांबलं. काचेकडे तोंड करून त्यांनी चष्मा काढला. पलीकडून अण्णाचा बारीक आवाज येत होता, अप्पा, अप्पा, ऐकू येतंय का?

अम्माने हलकेच रिसीव्हर परत घेतला.

"कांहीं नाहीं रे," ती म्हणाली. "अप्पांच्या डोळ्यांत पाणी येतंय, बस."