टीएसएच कमी, मामा जास्त

माझ्या थायरॉइडमुळे माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी सीमाभागातल्या मंठाळचा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. मग कळलं की माझी थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायलीय. (तुमच्या अंगात काम करणारं तेवढं एकच हाय, असं बायकोचं मत.) डॉक्टरांनी तिला आवरायच्या गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. रिपोर्टात टी-थ्री, टी-फोर ठीक, पण टीएसएच पार तळाला आणि त्याच्यापुढं ठळक अक्षरांत ‘लो’.

“थायरॉइड कमी झाला. गोळ्या जास्तच लागू पडल्या,” मी जाहीर केलं.

“डॉक्टरला दाखवा की,” बायको म्हणाली.

“कामून? मला आकडे कळत न्हाईत व्हय?”

गोळ्या बंद केल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला? थोरली बहीण मादन हिप्परग्याला असते. तिचा थायरॉइड खरोखरच कमी. तो भरून काढायची गोळी ती रोज सकाळी घेते. तिच्याकडं गेलो.

“आरं, माझी गोळी तुला चालती का?” अक्कानं विचारलं.

“माझाबी आता कमीच हाय. हे बघ, लिहिलंय.”

अक्काला इंग्रजी वाचता येत नाही आणि भावावर विश्वास फार. तिनं दोन पाकिटं दिली.

पंधरा दिवसांत छाती धडधडू लागली, झोप उडाली, हात थरथरू लागले. बायकोनं विचारलं तर म्हणालो, “औषध लागू पडायलंय.”

त्यातच अक्काच्या मुलीचा, शोभाचा, साखरपुडा आला. मामा म्हणून हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात. ताटातल्या वाट्या आपोआप वाजायला लागल्या. पंख्याखाली उभा असून सदरा घामानं भिजलेला. दोन पावलं टाकली आणि कुंकवाची वाटी नवरदेवाच्या वडलांच्या पांढऱ्या धोतरावर उपडी झाली.

“मामा पिऊन आलाय का?” त्यांनी हळूच कन्नडमधून आपल्या बायकोला विचारलं. (आमच्याकडं कन्नड सगळ्यांनाच येतं.) त्यांच्या घरी दारूचं नावसुद्धा काढत नाहीत. अक्काचा चेहरा उतरला. शोभानं मान खाली घातली.

नवरदेवाची मावशी नर्स. ती उठली, माझं मनगट धरून घड्याळ बघत राहिली. मग विचारलं, “मामा, गोळ्या कोणत्या चालू हायत?”

मी रिपोर्टासकट सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

“टीएसएच म्हणजे मेंदूची थायरॉइडला हाक. थायरॉइड आधीच पळत असला की मेंदू हाक मारायचं सोडतो. म्हणून टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड जास्त. आणि औषधानं थायरॉइड आवरला तरी टीएसएच वर यायला कित्येक आठवडे, महिनेसुद्धा लागतात. तोवर थायरॉइड स्वतः रक्तात सोडतो ते टी-थ्री, टी-फोर बघायचे. तुमचे तर ठीक झाले होते. तुम्ही बरे व्हायला लागलात, तर औषधच सोडलं, आणि वर उलटी गोळी घेतली?”

व्यस्त प्रमाण! सातवीच्या पोरांना मी हेच तीस वर्षं शिकवलं होतं.

“आत्ताच डॉक्टरकडं न्या यांना,” मावशी बायकोला म्हणाली. नवरदेवाच्या वडलांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि हसत म्हणाले, “जावा मास्तर, पुढचं आम्ही बघतो.”

साखरपुडा पार पडला, लग्नही झालं. डॉक्टरांनी रागावून जुनी गोळी पुन्हा सुरू केली. मामा पीत नाही, हे शोभाच्या सासरच्यांना पटलंय. मामाला वाचता येतं, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.