नीलेशच्या सायकलचा आवाज

मित्रांनो, सकाळपासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून इथे लिहितोय.

पुढच्या महिन्यात माझी पहिली ट्रायथलॉन आहे. नीलेश आणि मी दोघं उतरणार होतो. तो पावसाळ्यात तापाने गेला. माझ्याकडे रेसची सायकल नव्हती, म्हणून परवा त्याच्या वडिलांनी त्याची सायकल मला दिली. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला आज कळलं.

आज सकाळी सराव करून एकलहऱ्याहून परतताना सवयीने त्याच्याच गल्लीत वळलो. स्पीडब्रेकर आला म्हणून पॅडल मारायचं थांबलो, तसं मागचं चाक टिकटिक वाजायला लागलं. नीलेश घरी यायचा तेव्हा हाच आवाज यायचा.

त्याच्या घराचं गेट उघडलं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"किती उशीर रे आज?"

मी हेल्मेट काढलं. माझा चेहरा दिसताच त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काकू, चुकलं माझं. सायकल आजच परत आणून देतो."

"नको रे बाळा. तुझी रेस होऊ दे." मग हळूच म्हणाल्या, "उद्या पण इथूनच जा. तो आवाज ऐकू दे. फक्त दारात थांबू नकोस."

तुम्ही असता तर उद्या त्या गल्लीतून गेला असता का?