लंबाच्या अलीकडचा किरण

मधुकर ओव्हाळ गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, पिंपरीतल्या राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका आला होता. आदल्या दिवशी ते कामावर होते. ड्रॉइंग बोर्डावर अर्धं राहिलेलं काम दुसऱ्या ड्राफ्ट्समनने पूर्ण केलं.

आम्ही शेजारी होतो. ओव्हाळ कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि सुटीच्या दिवशी पुण्याच्या एका वाचनालयात पदार्थविज्ञानाची मासिकं वाचायला जात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कासारवाडीजवळ त्यांची सायकल घसरली, डोक्याला टाके पडले आणि ते बरेच दिवस घरी राहिले. कामावर परतल्यावर साहेबांनी सांगितलं, काही आठवडे काम पाहू, नाहीतर स्टोअरला बदली करू. ओव्हाळांना बोर्ड सोडायचा नव्हता. घरी त्यांचं जेवण कमी झालं होतं...

त्याच दिवसांत खंडेनवमीच्या भित्तिपत्रकासाठी त्यांनी एक आकृती काढली. एका रशियन शास्त्रज्ञाच्या लेखात त्यांनी वाचलं होतं की, पदार्थाचे विजेचे आणि चुंबकाचे दोन्ही गुणांक ऋण असतील, तर त्याचा अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वळेल तो आकडा, तोही ऋण होईल. काचेत शिरणारा किरण लंब ओलांडून पलीकडे जातो. या पदार्थात तो लंबाच्या आल्या बाजूलाच राहून पुढे जाईल. अशा पदार्थाची सपाट पट्टीही भिंगासारखी किरण एकत्र आणील. ओव्हाळांनी सवयीने आकृतीखाली नेहमीची चौकट आखली, एक रकाना तपासनिसाच्या सहीचा, शेजारी 'माल', म्हणजे वस्तू कशाची बनवायची त्याचा, आणि ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे कागद तपासनीस बबनराव भोंडवे यांच्याकडे दिला. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक कागद बाहेर जात नसे.

रावेतचे भोंडवे शाळेत शिकलेला नियम विसरलेले नव्हते. त्यांनी ब्लेडने किरण खरवडला, लंबाच्या पलीकडे नवा आखला आणि साहेबांच्या कानावर घातलं की ओव्हाळ साधी रेघ चुकलेत. दुपारपर्यंत स्टोअरच्या लोकांनी त्यांच्यासाठी टेबल पुसून ठेवल्याची थट्टा सुरू झाली.  ओव्हाळांनी ब्लेड घेतलं, किरण पुन्हा पहिल्या जागी आणला आणि भोंडव्यांना म्हणाले, रविवारी माझ्याबरोबर पुण्याला चला.

भोंडवे गेले. वाचनालयात ओळख झालेल्या एका प्राध्यापकांच्या घरी दोघांनी आकृती पुढे ठेवली. प्राध्यापकांनी गणित स्वतः करून पाहिलं. त्यात चूक नव्हती. भोंडव्यांनी विचारलं, मग नियम खोटा का? प्राध्यापक म्हणाले, नियम तोच आहे, फक्त चिन्ह उलटं. मात्र असा पदार्थ अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

परतीच्या बसमध्ये दापोडी आल्यावर भोंडवे ओव्हाळांकडे वळले. म्हणाले, "ओव्हाळ, तुमचं डोकं जाग्यावर हाय. उद्या साहेबाला म्याच सांगतो."

"आणि सही?"

"सही न्हाई. माल न्हाई त्याच्यावर सही कशी करू, राव?"

हे ओव्हाळांनी मला त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. सांगताना ते हसत होते, आणि त्यांनी दोनदा भात मागून घेतला. सोमवारी भोंडव्यांनी शब्द पाळला. साहेबांनी बदलीचा विषय सोडून दिला, आणि ओव्हाळ शेवटपर्यंत बोर्डावर राहिले. भित्तिपत्रकात मात्र ती आकृती लागली नाही. ओव्हाळांनी ती फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली, सहीची चौकट कोरी ठेवून. भोंडवे निवृत्त झाले तरी घरी यायचे. ओव्हाळ चौकटीकडे बोट दाखवायचे, भोंडवे चहा मागायचे...

ओव्हाळांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भोंडवे आले. बुद्धवंदना झाल्यावर त्यांनी ओव्हाळवहिनींना विचारून फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि खिशातलं पेन घेतलं.

फ्रेम पुन्हा त्याच भिंतीवर आहे. तपासनिसाच्या चौकटीत बबनराव भोंडवे यांची सही आहे. शेजारच्या 'माल' या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे : अजून आलेला नाही.