लाल कापडातले बस्ते

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला कचेरीतली ती दप्तराची खोली आठवते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नवा कारकून होतो. तिथले म्हातारे दप्तरी कागदांचे बस्ते आपल्याच पद्धतीने ठेवत: धाड गावच्या बस्त्याला दोन गाठी, उंद्रीच्याला गोणपाट, सोनाळ्याचा खिडकीला लागून. मला तो निव्वळ गबाळेपणा वाटे. साहेबांची तपासणी यायची होती, म्हणून दप्तरी रजेवर असताना मी सगळे बस्ते सारख्या लाल कापडात बांधले, गावांच्या अक्षरक्रमाने लावले आणि त्यांवर ठसठशीत चिठ्ठ्या डकवल्या. दप्तरी रजेवरून परतले ते थेट तपासणीच्या दिवशी, आणि साहेबांनी धाडचा बस्ता मागितला. दप्तरींनी फळीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, "काऊन बदललं बे सारं? धाड कुठी हाय, सांग ना मले." त्यांचा तळहात धाडच्याच चिठ्ठीवर टेकलेला होता. साहेबांनी ते पाहिलं. त्याच आठवड्यात डोळ्यांचं कारण दाखवून त्यांना घरी बसवलं. परवा सुनेने माझं कपाट हौसेने नीट लावून दिलं, गोळ्याही टाकल्या. माझे सदरे मी हाताने ओळखून काढत होतो, हे तिला अजून ठाऊक नाही.