तिच्या वतीनं ओके

आग्रह या गोष्टीचा मला मनापासून राग आहे. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सारणारी माणसं आमच्या घराण्यात आहेत, आणि त्यांना ते प्रेम वाटतं. जिलबीनं फार तर पोट बिघडतं. पण हाच आग्रह मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भर समुद्रात चालला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संभाजीनगरहून आम्ही सगळे टेम्पो ट्रॅव्हलर करून कोकणात निघालो होतो. सहल धाकट्या दिरांनी ठरवली होती. त्यांच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, नव्या सुनेला समुद्र दाखवायचा आणि स्कूबा करवायचं, असा त्यांचा बेत. मुलगी लासूर स्टेशनची, वडिलांची तिथं कांद्याची आडत. पोहणं सोडा, पोरीनं विहिरीत पायसुद्धा बुडवला नव्हता. मी तिची थोरली सासू, मला ती मोठी आई म्हणते.

आमच्यापैकी स्कूबा आधी केलेलं फक्त मी. आदल्या वर्षी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गेले होते आणि शिकवणाऱ्या बाई कडक भेटल्या. पहिला अख्खा दिवस त्यांनी आम्हाला छातीभर पाण्याच्या पुढं जाऊ दिलं नाही. चष्म्यात पाणी शिरलं तर वरची कड दाबून नाकानं फुंकर कशी मारायची, तोंडातली नळी निसटली तर हात मागून फिरवून ती परत कशी धरायची, हे घोटून घेतलं. श्वास कधीही रोखायचा नाही. खाली जाताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे, आणि सर्दी असेल तर जायचंच नाही. नाक बंद म्हणजे कान बंद, आणि कानाचा पडदा फाटायला फार खोली लागत नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "हे सगळं येईल तुम्हाला. अवघड एकच आहे, नको म्हणणं. कुणीही, कधीही डुबकी रद्द करू शकतो, आणि कारण कुणी विचारायचं नाही." माझी पन्नाशी उलटून गेली, पण असा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते.

गाडीतल्या एसीनं कोकणात पोचेपर्यंत पोरीचं नाक गच्च झालं. ती माझ्याशेजारी सरकून हळूच म्हणाली, "मोठी आई, लई भ्या वाटतंय." मी तिला बाईंनी शिकवलेली खूण दाखवली. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा पंजा आडवा धरून असा डुलवायचा. म्हणजे काहीतरी गडबड आहे. तिनं दोन-तीनदा करून बघितली.

मी दिरांना सांगितलं, "भाऊजी, तिला सर्दी आहे. तिला काठावर राहू द्या."

"वहिनी, तुमचं कायतरीच. सर्दीनं कुणी मरतंय व्हय? आमाला तर लहानपणी विहिरीत ढकलून दिलं होतं. आलं की आपोआप पोहायला!"

हे विहिरीचं पुराण मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. ज्यांना आपोआप आलं नाही ते सांगायला उरले नाहीत, एवढंच. जाऊबाईंनी सुनेला सुंठ चाटवली. तिचा नवरा म्हणाला, "चल गं, एवढं काय. समद्यांना व्हिडिओ टाकतो म्हणलोय मी." आणि तिला विचारलं की ती म्हणायची, "चालंल." सहा महिन्यांची सून दुसरं काय म्हणणार होती?

नावेवरच्या माणसानं पट्टे आवळता आवळता विचारलं, "कुणाला सर्दी, दमा, कानाचा त्रास?" अख्खी नाव एका सुरात "नाय!" म्हणाली. त्यात तिचा आवाज नव्हता, मी शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "हिला सर्दी आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दिरांकडं. दीर हसले, "दोन शिंका आल्यात, बाकी काय नाय." त्यानं दिरांचं ऐकलं. मी पाण्याखाली जाऊन आलेली आणि घरात थोरली, पण माझा शब्द त्या नावेत कुणी जमेस धरला नाही. मग मीही तिच्याबरोबरच उतरले.

माणूस तिला पाठीच्या टाकीला धरून खाली घेऊन गेला, मी बाजूला. पुरुषभरही गेलो नसू, तिनं डोळे घट्ट मिटले आणि कान दाबला. त्यानं तिला वर आणून विचारलं, "ओके?" तोंडात नळी, बोलता येईना. तिनं पाण्यावर पंजा आडवा धरला आणि डुलवला. त्याच क्षणी नावेतून, हातात मोबाइल धरून, दीर ओरडले, "ओके, ओके! न्या खाली!"

तिच्या वतीनं! कान तिचा, श्वास तिचा, आणि ओके यांचं. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. मी तोंडातली नळी काढली आणि म्हणाले, "रद्द. आम्ही दोघी वर येतोय."

"का? काय झालं?" दीर म्हणाले.

"काही नाही."

"मग कारण काय?"

"कारण नाही."

मी तिला पुढं घालून शिडी चढले. मला खाली जायचं नव्हतं असं कुणी समजू नये. वर्षभर मी त्या निळ्या पाण्याची वाट बघत होते, आणि त्या पाण्यात पुरुषभरही न जाता परत आले. तो राग अजून आहे.

परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही. ढाब्यावर जाऊबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "स्वतःला भ्या वाटलं अन् सुनेचं निमित्त केलं." म्हणू देत. पण पोरगी गाडीत कानाला रुमाल लावून बसली होती, आणि कान दुखतोय का, एवढंसुद्धा तिला एकानंही विचारलं नाही.

परवा दिरांकडं सत्यनारायण होता. फुलंब्रीहून त्यांच्या आत्या आल्या होत्या. सून प्रसादाचं ताट घेऊन बायकांमध्ये उभी होती. आत्यांनी भर घोळक्यात विचारलं, "काय गं, कवा देती पेढे?" दुसरी म्हणाली, "डॉक्टरला दाखवलं का?" जाऊबाईंनी तिच्या वतीनं उत्तर दिलं, "होईल की! दोघं बी तयार हायेत." सगळ्या हसल्या. पोरगीही हसली. ताट एका हातात होतं. दुसरा हात पदराआड खाली होता, पंजा आडवा, आणि तो डुलत होता.

मी उठले, ताट जाऊबाईंच्या हातात दिलं आणि तिला म्हणाले, "चल."

"अहो ताई, तिला कुठं नेताय? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ती पाठ करून उभी राहिली. खांदे वर ओढलेले, तोंड घट्ट मिटलेलं. "श्वास रोखू नकोस," मी म्हणाले. तिनं तो सोडला. मी कारण विचारलं नाही.